आधी समदं सपाट करा

बारामतीत आम्ही भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा प्रत्येक घरमालक तेच तेच विचारायचा. माणसं किती, गाव कुठलं, मटण-मासे शिजवता का, पाहुण्यांची ये-जा किती. तात्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. हॉलच्या मधोमध वेताची एक खुर्ची होती, तिच्यात त्यांनी आधी माझ्या नवऱ्याला बसवलं. समोरच्या दोन मोठ्या स्पीकरांवर एक जुनं भावगीत लावलं आणि ते संपल्यावर विचारलं, कसं वाटलं. नवरा म्हणाला, छान. मग त्यांनी मला बसवलं, तेच गाणं पुन्हा लावलं. दिवसभर उन्हात घरं बघून मी वैतागले होते. भीड न ठेवता सांगून टाकलं, की बाई रांजणात तोंड घालून गातेय असं वाटतंय.

तात्यांचा चेहरा उजळला. त्यांनी ते गाणं मुद्दाम बिघडवून लावलं होतं. लगेच उठून स्पीकरांच्या मधल्या एका काळ्या पेटीवरची दोन बटणं त्यांनी खाली सरकवली आणि गाणारी बाई रांजणातून बाहेर येऊन आमच्यासमोर उभी राहिली.

"घर तुमचं," तात्या म्हणाले. "ज्याला ऐकू येतं, त्यो माणूस भिंतीला खिळं ठोकत न्हाय."

खिळ्यांचा आणि कानांचा संबंध मला आजवर कळलेला नाही. पण वरचा मजला आम्हाला मिळाला आणि पुढची सात-आठ वर्षं आम्ही तिथे राहिलो.

तात्या एका साखर कारखान्याच्या पॉवरहाउसमधून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, पांढरा पायजमा आणि अर्ध्या बाह्यांचा बनियन. बाहेर जाताना त्यावर शर्ट चढायचा एवढंच. नोकरीत असल्यापासून त्यांनी एकेक वस्तू जमवत तो साउंड सिस्टिमचा संसार उभा केला होता. अॅम्प्लिफायर पुण्याहून आणलेला, स्पीकरची खोकी भवानीनगरच्या एका सुताराकडून सागवानात करून घेतलेली. आधी कॅसेटी होत्या, मग सीड्या आल्या, आता मोबाइलवरनं गाणी लागत. पण मधली ती काळी पेटी कायम होती. ती म्हणजे इक्वलायझर. तिच्यावर दहा सरकती बटणं ओळीनं उभी होती, तात्या त्यांना दांड्या म्हणत. डावीकडच्या दांड्या ढोलाच्या, तबल्याच्या खालच्या आवाजाच्या, मधल्या गळ्याच्या आणि उजवीकडच्या टाळ-घुंगरांच्या. प्रत्येक दांडी वर केली की तेवढाच आवाज वाढायचा, खाली केली की तेवढाच कमी व्हायचा.

अॅम्प्लिफायरवर बास आणि ट्रेबलची दोन गोल बटणं होतीच, मग ही दहा कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. तात्यांनी मला गॅलरीत नेलं आणि समोरच्या उसाकडे बोट दाखवलं. बास-ट्रेबल म्हणजे पाटानं पाणी सोडणं, ते म्हणाले, एकदा बारं दिलं की पाणी सगळ्या वावरात पसरणार, पाहिजे तिथं आणि नको तिथंही. ही पेटी म्हणजे ठिबक. कुठल्या बुडख्याला किती, ते आपल्या हातात.

त्यांचे नियम ठरलेले होते. नवीन माणसानं पेटीला हात लावला, की तो हमखास बटणं वर करत सुटतो. हे वाढव, ते वाढव, शेवटी सगळंच वर आणि आवाज फाटतो. तात्यांच्या मते वाढवणं हा आळशीपणा होता. गळा ऐकू येत नसेल तर त्याच्या आड काय येतंय ते शोधायचं आणि ते खाली घ्यायचं. आणि कुठलंही गाणं लावताना सुरुवात मात्र सगळ्या दांड्या मधल्या रेघेवर आणून करायची. "आधी समदं सपाट करा," ते म्हणत, "मग बघा, कुठं काय नडतंय." हे वाक्य त्यांना संसारातही पुरायचं. आमचं वर काही वाजलं आणि माझा आवाज चढला, की जिन्याखालून सावकाश हाक यायची, "ताई, समदं सपाट करा." आणि भांडण कशावरून चाललं होतं तेच आम्ही विसरायचो.

खोलीबद्दलही त्यांचं शास्त्र होतं. सिस्टिम कितीही भारी असली तरी आवाज शेवटी खोली ठरवते, असं ते सांगत. म्हणून कुठल्याही नव्या जागेत पाऊल टाकलं, की ते एकदा खणखणीत टाळी वाजवत आणि मान कलती करून ऐकत. बँकेत वाजवत, मंगल कार्यालयात वाजवत. एका नव्या दवाखान्यात त्यांनी टाळी वाजवली, तर आतून वॉर्डबॉय धावत आला. तात्यांनी त्याला शांतपणे सांगितलं, की छत फार उंच आहे, पेशंटला डॉक्टरचं बोलणं नीट कळणार नाही. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्यांच्या हॉलच्या मागच्या भिंतीवर काकींनी शिवलेल्या दोन गोधड्या टांगलेल्या होत्या. कोपऱ्यात ढोल घुमतो, त्यावर हा उपाय. भेटायला येणारी माणसं विचारायची, एवढ्या चांगल्या गोधड्या अशा का टांगल्यात. काकी म्हणायच्या, "वाळत घातल्यात." इतकी वर्षं वाळत होत्या.

काकी म्हणजे तात्यांची बायको. बुटक्या, गोल, सतत कामात. त्यांचं माहेर जवळच पिंपळीला. तिथल्या बायकांच्या भजनी मंडळात त्या लहान असल्यापासून गात होत्या आणि लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी एकादशीला न चुकता जात. आवाज बारीक, थोडा थरथरता, पण सुराला पक्का. भांडी घासताना त्या गुणगुणत. तात्या जगातल्या प्रत्येक गाण्याची चिरफाड करायचे. काकींच्या गाण्याबद्दल ते एक अक्षर बोलत नसत. मला वाटायचं, त्यांना ते ऐकण्यासारखं वाटत नसावं. नंतर कळलं तसं नव्हतं.

रविवारी सकाळी तात्यांची बैठक असे. नऊ-साडेनऊला नवरा आणि मी खाली जायचो, काकी पोहे करायच्या आणि आम्ही आळीपाळीनं त्या खुर्चीत बसायचो. मी एमआयडीसीतल्या एका डेअरीत लॅबमध्ये नोकरीला होते. सहा दिवस दुधाचे नमुने तपासून डोकं बधिर व्हायचं, ते त्या खुर्चीत मोकळं व्हायचं. सनईचा दम संपून नवा श्वास घेतलेला ऐकू येतो, हार्मोनियमवाल्याचं बोट पट्टीवरून घसरतं तेही ऐकू येतं, हे मला तात्यांनी शिकवलं. माझा नवरा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. त्याला शेवटपर्यंत सगळं छानच वाटलं, पण पोह्यांसाठी तोही यायचा.

पहिली तीन-चार वर्षं अशी गेली. मग हळूहळू काहीतरी बदललं.

आधी तात्यांनी मागच्या गोधड्या काढल्या. खोली मुकी झालीय म्हणाले. नंतर खिडक्यांचे पडदे गेले. पडदे टाळांचा आवाज पितात, असं त्यांचं म्हणणं. मग दिवाणावरची गादी आतल्या खोलीत गेली, गालिचा गुंडाळून माळ्यावर गेला. हॉल असा दिसायला लागला, की तात्या-काकी घर सोडून चालले आहेत असं वाटावं. तरी त्यांचं समाधान होईना. हल्लीची रेकॉर्डिंगं बोथट निघतात, असं म्हणायला लागले. जुन्या सीड्या लावल्या, तर त्याही खराब झाल्यात म्हणाले. स्पीकरमधले बारीक आवाजाचे छोटे स्पीकर त्यांनी पुण्याहून नवे आणून बसवले. आणि दर रविवारी आम्ही खाली गेलो, की काळ्या पेटीवरच्या उजवीकडच्या दांड्या आदल्या रविवारपेक्षा थोड्या वर गेलेल्या असत. वाढवू नका म्हणणारा माणूस वाढवत चालला होता, आणि त्याला ते दिसत नव्हतं, कारण त्याचे डोळे गाणं लावताना मिटलेले असत.

आमच्या कानांना मात्र ते टोचायला लागलं. गाण्यातला प्रत्येक 'स' फुसफुसायचा. टाळ वाजला की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. एकदा मी जपून म्हटलं, तात्या, जरा टोचतंय का वरच्या पट्टीतलं? त्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि सांगितलं, की लॅबमधल्या मशिनींनी माझे कान नाजूक झालेत, कापूस घालून बसत जा. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, छान आहे. काकी तेव्हा पोह्यांची ताटली ठेवून आत जायच्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या.

मग पिंपळीचा सप्ताह आला.

मंदिरात दर वर्षी सप्ताह व्हायचा आणि एका संध्याकाळी बायकांच्या मंडळाचं भजन असायचं. त्या वर्षी मंडळानं काकींना पुढे बसवायचं ठरवलं होतं. आजवर त्या मागून साथ देत आलेल्या. पहिल्यांदाच मुख्य आवाज त्यांचा, माइक त्यांच्यासमोर. काकींनी महिनाभर तयारी केली. आणि गावानं मोठ्या मानानं तात्यांना सांगितलं, की जावईबापू, आवाज तेवढा तुम्ही लावून द्या. मंडपवाल्याकडे मिक्सर होता, त्यावरही तात्यांच्या पेटीसारखीच बटणं होती. आम्ही दोघंही गेलो होतो. आमच्याच गाडीतून सगळे गेलो.

तात्यांनी मंडपात जाऊन टाळी वाजवली, मान कलती केली आणि कामाला लागले. दिवेलागणीला भजन सुरू झालं. पहिल्याच ओळीला मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडे पाहिलं. काकींचा तो बारीक गोड आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा येत होता. टाळ वाजले आणि पुढच्या ओळीतल्या बायकांनी पदर कानांवर घेतले. मधूनच स्पीकर शिट्टी मारत होता. एक तान्हं पोर रडायला लागलं ते थांबेना, त्याच्या आईनं त्याला उचलून बाहेर नेलं. काकी गात होत्या, पण त्यांचा चेहरा उतरत चालला होता. इतक्या वर्षांनी पुढे बसायला मिळालं होतं आणि समोरची माणसं उठून चालली होती.

दुसऱ्या अभंगाच्या आधी तात्या पाणी प्यायला मागे गेले. तेवढ्यात मंडपवाल्यानं गुपचूप चार बटणं खाली घेतली. अभंग सुरू झाला आणि सगळा मंडप सैलावला. काकींचा आवाज जसा होता तसा, घरी मोरीपाशी ऐकू यायचा तसा, शेवटच्या माणसापर्यंत गेला. बाहेर गेलेली परत येऊन बसली. अभंग संपल्यावर म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

तात्या परत आले ते चिडूनच. बटणांना कुणी हात लावला म्हणून त्यांनी मंडपवाल्याला धारेवर धरलं. मुरदाड आवाज केलास म्हणाले, टाळ मारून टाकलेस. तो बिचारा हात जोडून उभा. तात्यांनी पुन्हा बटणांकडे हात नेला. सगळा मंडप बघत होता. आणि काकी माइकसमोरून मान वळवून, आपल्या घरात बोलावं तितक्या हळू आवाजात म्हणाल्या,

"अहो, ऱ्हाऊ द्या तसंच. त्यानं बरोबर लावलंय. तुमाला वरचं ऐकू येत न्हाय आता."

माइक चालू होता. मंडपवाल्यानं आवाज इतका नेमका लावला होता, की मागच्या खांबाला टेकून बसलेल्या आजीबाईंनाही शब्द न् शब्द कळला.

कुणी हसलं नाही. तात्यांनी मिक्सरवरचा हात काढून घेतला, पुरुषांच्या बाजूला येऊन मांडी घालून बसले आणि सगळं भजन ऐकलं. आरती घेतली, प्रसाद घेतला. घरी परत आल्यावर गाडीतून उतरता उतरता ते एवढंच म्हणाले, "भजन चांगलं झालं."

त्यानंतर सिस्टिम बंद पडली. बिघडली नव्हती, त्यांनी तिच्यावर चादर टाकली. रविवारची बैठक थांबली. ते पेपर वाचत, झाडांना पाणी घालत, विचारलं तेवढं बोलत. काकींचं गुणगुणणंही बंद झालं. घर इतकं शांत झालं, की खालच्या मजल्यावर कुणी राहतं का असं वाटावं. एका दुपारी काकी वर आल्या. माझ्याकडे त्या कधी बसत नसत, उभ्यानंच काम सांगून जायच्या. त्या दिवशी बसल्या. म्हणाल्या, ते रागावले असते तर बरं झालं असतं, रागावलेला माणूस बोलतो तरी. सबंध गावासमोर मी त्यांना उघडं पाडलं. त्यांनी मला कधी चारचौघांत शब्द लावला नाही, आणि मी माइकवर सांगितलं. माइक चालू आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं मी काकींना म्हटलं. त्या म्हणाल्या, बंद असता तरी मी तेच बोलले असते, ह्याचंच वाईट वाटतंय. माझ्या गाण्यासाठी बोलले.

मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि कामाचं बोलल्या. कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला पाहिजे. त्यांनी सांगून तात्या ऐकणार नाहीत, मी सांगितलं तर कदाचित ऐकतील.

मी काही सांगायची वेळच आली नाही. मी नुसतं कानांची तपासणी म्हटलं आणि तात्या शर्ट घालायला आत गेले. बहुतेक ते कुणी तरी म्हणण्याचीच वाट बघत होते.

दवाखान्यात एक छोटी बंद खोली होती. आतून सगळीकडे जाड स्पंज लावलेला, एक खुर्ची, एक हेडफोन. तात्या आत गेले आणि सवयीनं त्यांनी टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथे विरून गेली. त्यांनी पुन्हा एकदा वाजवली आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून पाहिलं. कित्येक दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत तो जुना रस दिसला. अशी खोली त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. मग दार लागलं, हेडफोनमधून वेगवेगळे बारीक-जाड आवाज सुरू झाले आणि ऐकू आला की ते बोट वर करत राहिले.

तपासणारी मुलगी तरुण होती. तिनं कागदावर आलेख काढून दिला आणि समजवायला लागली, की डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. जाड आवाज तुम्हाला चांगले ऐकू येतात, मधले बरे, आणि उजवीकडे रेघ अशी खाली जाते. वय झालं, आवाजाच्या जागी नोकरी झाली, असं होतंच. तात्या त्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद वरची कड खाली येईल असा पालथा करून उजेडासमोर धरला. खाली उतरणारी रेघ वर चढायला लागली.

"ताई," ते मला म्हणाले, "ही तर माज्या दांड्यांची रेघ."

खरंच होतं ते. घरी येऊन त्यांनी चादर काढली, कागद तसाच पालथा करून उजेडात काळ्या पेटीशेजारी धरला. जिथं जितकं ऐकू येत नव्हतं तिथं जवळपास तितकीच दांडी वर होती. कुणी न सांगता, डोळे मिटून, इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या कानांचा नकाशाच काढून ठेवला होता. त्यांना हसू आलं. हसता हसता ते वेताच्या खुर्चीत बसले. चुकीचं नव्हतं ते, म्हणाले, फक्त एकाच माणसाचं होतं.

कानातली यंत्रं यायला थोडा वेळ गेला आणि आल्यावर त्या मुलीची परीक्षा सुरू झाली. तात्या दर आठवड्याला जात आणि हे जरा कमी, ते एक बोटभर खाली, असं सांगत. तिला ते आवडायला लागलं होतं. बाकीचे पेशंट नुसतं बरं आहे म्हणतात, ती मला म्हणाली, ह्यांना काय कमी आहे ते नेमकं सांगता येतं. पहिल्या दिवशी यंत्रं घालून घरी येताना तात्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज सहन होईना. स्वतःच्या चपलांकडे ते दोनदा थांबून बघत होते.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हाला खाली बोलावलं आणि सिस्टिम लावली. दांड्या होत्या तशाच होत्या. पहिली ओळ सुरू झाली आणि ते खुर्चीतून उठलेच. हात लांब करून त्यांनी गाणं बंद केलं.

"हे तू एवढी वर्सं ऐकत हुतीस?" त्यांनी काकींना विचारलं.

"व्हय."

"आन् बोलली न्हाईस?"

काकींनी पोह्यांची ताटली टेबलावर ठेवली. "तुमी खूस हुता," त्या म्हणाल्या.

तात्यांनी उजवीकडच्या दांड्या एकेक करून खाली आणल्या. पडदे दुसऱ्या दिवशी परत लागले, गादी परत आली. भजनाचं मात्र त्यांनी स्वतःहून काढलं. काकींना म्हणाले, की पिंपळीला त्या संध्याकाळी मंडपवाल्यानं बटणं खाली घेतल्यावरही त्यांना काकींचा आवाज अर्धाच आला होता. बाकीचं आता ऐकायचंय. काकी लाजल्या, इथं काय गायचं म्हणाल्या, आणि मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून गायल्या. टाळ नाही, पेटी नाही. तात्या डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर मी मुद्दाम विचारलं, काय कमी-जास्त करायचं? इतक्या वर्षांत या गाण्याबद्दल ते का बोलत नव्हते, ते तेव्हा कळलं.

"ह्याला हात लावायला जागाच न्हाय," ते म्हणाले.

पुढे नवऱ्याची बदली इंदापूरच्या कॉलेजात झाली आणि आम्ही तिथंच घर बांधलं. गेल्या दिवाळीनंतर दोघं एसटीनं जेवायला आली. दिवसभर गप्पा झाल्या. निघताना आम्ही गाडीनं सोडतो म्हटलं तर नको म्हणाले, स्टँड जवळ आहे, चालत जातो. मी फाटकात उभी राहून बघत होते. तात्या लांब टांगा टाकत पुढे आणि काकी त्यांच्या सवयीप्रमाणे दोन पावलं मागे, अखंड बोलत चाललेल्या. पूर्वी अशा वेळी तात्या थांबायचे, मागे वळायचे, आँ म्हणायचे, आणि काकी हातानंच जाऊ द्या म्हणून बोलणं सोडून द्यायच्या. आता तात्या मान न वळवता उत्तरं देत होते. वळणावर काकी काहीतरी म्हणाल्या आणि दोघंही रस्त्यात थांबून हसायला लागली. काय बोलल्या ते मला एवढ्या लांबून ऐकू आलं नाही.